पळसटोला स्टेशनातलं हरवलेलं बाकडं

१

गुरुवारी नागपूरच्या संग्रहालयाची गाडी बाकडं न्यायला येणार होती. आणि बुधवारी सकाळी पळसटोल्याचे स्टेशन मास्तर योगेंद्र पटले यांनी किल्ली मागवून महिला प्रतीक्षालयाचं दार उघडलं, तर खोलीत बाकडंच नव्हतं.

उचलून काखेत मारावी अशी ती वस्तू नव्हती. जुन्या रेल्वे कंपनीच्या काळातलं अस्सल सागवान, उंच पाठ, वळणदार हात आणि पाठीवर कोरलेली कंपनीची अक्षरं. चार बाया ऐसपैस बसून पाचवी लेकराला घेऊन आडवी होऊ शकेल एवढं ते लांब होतं, आणि उचलायला अर्धा डझन गडी लागावेत एवढं जड.

दुपारच्या आत तुमसर रोडहून रेल्वे सुरक्षा दलाच्या दामिनी खोब्रागडे येऊन उतरल्या. दामिनीबाई मूळच्या पवनी तालुक्यातल्या आसगावच्या. चाळिशीच्या, अंगानं भरलेल्या, बोलायला सावकाश. खात्यात त्यांच्याबद्दल असं म्हणत, की बाई चोराला पकडत नाहीत, चोर बोलता बोलता स्वतःच त्यांच्या हाती येतो.

पळसटोल्याचं स्टेशन तलावाच्या अगदी काठावर. थंडीचे दिवस होते, पाण्यावर अजून धुकं रेंगाळत होतं, आणि फलाटावरच्या पिवळ्या पाटीवर कबुतरं ओळीनं अंग फुगवून बसली होती. शुक्रवारी स्टेशनला शंभर वर्षं पुरी होणार म्हणून सगळीकडे मांडवाचं गुलाबी-पांढरं कापड लावायचं काम चाललं होतं.

दामिनीबाईंनी प्रतीक्षालय नीट पाहून घेतलं. एकच खिडकी, तिला जाड गज. एकही गज हललेला नाही, आणि गजांवर कोळ्यांची जाळी जशीच्या तशी. भिंतीवर जिथे बाकडं टेकलेलं होतं तिथे रंगाचा एक स्वच्छ, लांब पट्टा. कोपऱ्यात पितळी नळाचं पाण्याचं पिंप. वर समारंभाचं कापड ताणलेलं. फरशी धुतलेली.

"एकच दार आहे," योगेंद्र म्हणाले. "आणि दारासमोर हे असं."

दाराबाहेर, हातभराच्या अंतरावर, तिकिटाच्या रांगेसाठी बसवलेला लोखंडी कठडा होता. काँक्रीटमध्ये पाय रोवलेला. माणूस तिरपा होऊन जाईल. लांब वस्तू वळणार नाही.

"कठडा कधीचा?"

"तीन-चार वर्षांचा असेल. बाकडं त्याच्या आधीपासूनच आत. मागच्या आठवड्यात संग्रहालयाचे लोक माप घेऊन गेले ना मॅडम, त्यांनी सगळ्या बाजूंनी हिशोब केला. म्हणाले, कठडा गॅसनं कापल्याशिवाय बाकडं निघणं शक्य नाही. उद्या ते कटर घेऊनच येणार होते."

दामिनीबाईंनी कठड्यावरून हात फिरवला. कापल्याची, वाकवल्याची, रंग उडाल्याची कसलीच खूण नव्हती.

"म्हणजे मास्तर," त्या म्हणाल्या, "बाकडं या खोलीतून बाहेर जाऊच शकत नाही. आणि खोलीत ते नाही."

२

योगेंद्र पटले तरुण होते, पहिलीच स्वतंत्र नेमणूक. दामिनीबाई समोर बसल्या तेव्हा ते टेबलावरचा पेन उगाच सरळ करत होते.

"बाकडं नेण्यावर कोणाचं काही म्हणणं होतं?"

"म्हणणं कशाचं? त्या जागी नव्या स्टीलच्या खुर्च्या येणार आहेत. शुक्रवारी साहेबांच्या हस्ते उद्घाटन आहे. बाजारच्या बायांनी थोडी कुरकुर केली. मी सांगितलं, वरून हुकूम आहे."

"आणि दुसरं कोणी बाकड्याला हात लावायला आलं होतं?"

पेन पुन्हा सरळ झाला. "नाही."

दामिनीबाई काही बोलल्या नाहीत. खिडकीतून तलाव बघत राहिल्या. गप्प बसण्याची त्यांची ही रीत मोठी नामी होती. समोरच्याला ती फार वेळ सोसत नसे.

"एक जण आला होता," योगेंद्र शेवटी म्हणाले. "जुन्या फर्निचरचा व्यापारी. मी त्याला खोली दाखवली, एवढंच. तो म्हणाला, एखादं बाकडं वाळवीनं खाल्लं असं लिहायला कितीसा वेळ लागतो. मी त्याला परत पाठवला मॅडम. पण आता कोण विश्वास ठेवणार? म्हणून बोललो नाही."

"पाठवला तेव्हा कोणी होतं?"

"बाबुलाल होता. चहावाला. त्याच्या समोरच मी ओरडलो त्या माणसावर."

"मग घाबरता कशाला? बाबुलालला मी विचारीनच."

इतक्यात टेबलावरचा फोन वाजला. योगेंद्रनी उचलला, ताठ झाले आणि रिसीव्हर दामिनीबाईंकडे दिला. पलीकडून वरिष्ठांचा आवाज आला. खोलीची किल्ली कोणाकडे असते? निवृत्त पॉइंट्समन खुशाल मेश्रामकडे? मग अडलंय कुठे? कुलूप फोडलेलं नाही, म्हणजे किल्लीवाल्यानंच केलं. शुक्रवारी पाहुणे येणार. उद्या संध्याकाळपर्यंत बाकडं मिळालं तर ठीक, नाही तर मेश्रामला ताब्यात घ्या.

फोन ठेवून दामिनीबाईंनी विचारलं, "हे खुशाल मेश्राम कोण?"

योगेंद्रचा चेहरा उतरला. "शुक्रवारी ज्यांचा सत्कार आहे ते. त्यांच्या बायकोनं शालीसाठी नवा सदरा शिवायला टाकलाय."

३

खुशाल मेश्राम फलाटाच्या टोकाला पाणपोईचे रांजण भरत होते. सत्तरीचे, काटक, डोक्याला मफलर. दामिनीबाईंच्या छातीवरची नावाची पट्टी त्यांनी डोळे बारीक करून वाचली आणि हात जोडले. "जय भीम, बाई."

"जय भीम, काका. बसा थोडे. आसगावची हाये मी."

"आसगाव? मंग त आपल्याच भागातली." काका एकदम सैल झाले. बसले आणि बोलायला लागले ते थांबेचनात.

शंभर वर्षांचं स्टेशन त्यांच्या जिभेवर होतं. पहिल्यांदा इथून मँगनीज जाई आणि जंगलातलं लाकूड. मग धानाची पोती. गावात घड्याळ नव्हतं तेव्हा सकाळच्या पासिंजरच्या शिट्टीवर शाळा भरे. तार यायची ती इथंच, आणि वाचायची कोणाला, तर मास्तरला. मास्तर आधी मनात वाची, मग चेहरा सांभाळून मोठ्यानं. साप चावलेल्या माणसाला मालगाडीच्या गार्डच्या डब्यात घालून तुमसरला नेलं होतं, तो अजून जिवंत आहे, नाकाडोंगरीला नातवंडं खेळवतो.

"आन् छप्पन साली," काका म्हणाले, "माह्या बापानं मले खांद्यावर घेतलं होतं. फलाटावर पाय ठेवाले जागा नोयती. सारी माणसं पांढऱ्या कपड्यात. बाया पांढऱ्या लुगड्यात. नागपूरले जाऊन राहिले होते सारे. माही माय त्या बाकड्यावर बसली होती, पहिल्यांदाच. त्याच्या आधी तिले त्या खोलीत कोणी पाय नोयता ठेवू देला. येताना बी ती मुद्दाम त्याच्यावरच बसली. गाडी कवाची गेली, तरी उठेच ना."

पाणी रांजणात हळूहळू स्थिर होत होतं.

"काका, जिल्हा तुटला तवा तुमी ड्युटीवरच होते?"

"हो न. अर्धे सोयरे गोंदियात गेले, स्टेशन भंडाऱ्यात राहिलं. गाडीले काय? ते दोन्हीकडं जाते."

"किल्ली तुमच्यापाशीच राहाते?"

"माह्याच कंबरेले. रिटायर झालो तरी हे काम सोडलं नाई. मंगळवारी दुपारी मी कुलूप लावलं."

"तवा बाकडं होतं?"

खुशाल काकांनी मान खाली घातली. "खोटं कायले बोलू बाई? मी आत पाहिलंच नाई. बायकायची खोली हाये, मी कधी आत जात नाई. बाया म्हणाल्या, खोली धुतली हाये काका, वाळू द्या, कुलूप लावून टाका. मी बाहेरूनच दार ओढलं."

म्हणजे बाकडं मंगळवारी कुलूप लागायच्या आधीच गेलं होतं. भर दुपारी. फलाटावर माणसं असताना.

दामिनीबाई उठल्या तेव्हा काकांनी हळूच विचारलं, "बाई, मले पकडून नेणार काय?"

"तसं काही ठरलं नाई काका," त्या म्हणाल्या. पण हे म्हणताना त्यांना स्वतःलाच बरं वाटलं नाही.

४

बाबुलालची चहाची टपरी प्रतीक्षालयाच्या भिंतीला लागूनच होती. बालाघाटकडचा माणूस, पण पळसटोल्यात मिसरूड फुटलं ते इथंच पिकलं. त्यालाही ती खोली हवी होती. कँटीन करायला म्हणून अर्ज देऊन ठेवलेला. त्यानं ते लपवलं नाही.

"खोली पाहिजे होती मॅडम, बाकडं नाही. आणि अर्ज कधीचा फेटाळला. उलट बाया बसतात म्हणून तर माझा चहा विकतो." त्यानं भज्यांचा घाणा काढला. व्यापाऱ्याची गोष्टही त्यानं न विचारता सांगितली. "मास्तरनं असा भगाया त्याला, की बेचारा बिना चहा का गेला."

योगेंद्र सुटले. दामिनीबाईंनी एक भजं उचललं.

"मंगळवारी इथेच होतात?"

"दिनभर. मंगळवार बाजाराचा दिन. सकाळची पासिंजर गेली की दुपारच्या गाडीपर्यंत सगळ्या बाया त्याच खोलीत. शिंगाडेवाल्या, मच्छीवाल्या, भाजीवाल्या. पण त्या दिवशी..." त्यानं आवाज खाली केला. "त्या दिवशी आत एक बाई अडली होती ना."

"अडली? म्हणजे बाळंतीण?"

"हो न मॅडम. चंद्रभागाबाई बाहेर आली, म्हणाली, भाऊ, बाई अडली हाये, कोणा माणसाला इकडे फिरकू देऊ नको. मी फलाटच बंद केला समझो. मांडववाल्यांना पण हटकलं. पातेलंभर गरम पानी मीच दिया. पैसे घेतले नाहीत."

"आवाज ऐकू आला?"

"बाई कण्हत होती जोरजोरात. एक नाही, सात-आठ जणी कण्हत होत्या असं वाटे. आणि मग गाणी."

"कसली गाणी?"

"रोवण्याची. वो नहीं क्या, चिखलात धान लावताना सगळ्या जणी एका दमात म्हणतात, तशी. एक जण उचलते, बाकीच्या ओढतात."

भजं दामिनीबाईंच्या हातातच राहिलं. आसगावच्या धानाच्या बांध्यांत त्या स्वतः आईच्या शेजारी वाकून रोवण्याला उभ्या राहिल्या होत्या. ती गाणी कशासाठी असतात हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. दहा हात एकाच वेळी चालावेत म्हणून ती असतात. बाळंतिणीच्या उशाशी ती कोणी गात नाही.

"मग काय झालं बाबुलाल? पोरगा की पोरगी?"

बाबुलाल झारा हातात धरून विचारात पडला. "अरे बाप रे," तो म्हणाला. "ते तर मला कोणी सांगितलंच नाही."

५

गावच्या आरोग्य केंद्रात फोन केला. मंगळवारी नाही, बुधवारी नाही, पळसटोल्यात कोणाचंही बाळंतपण नव्हतं.

दामिनीबाई फलाटावर येरझारा घालू लागल्या. दार बंद करून बायांनी काहीतरी जड ओढलं होतं, हे नक्की. पण ओढलं ते कुठे? दारातून नाही, खिडकीतून नाही. खोलून नेलं म्हणावं, तर शंभर वर्षांचे सांधे. हातोडीचे घाव घातल्याशिवाय सुटायचे नाहीत, आणि भिंतीपलीकडे बसलेल्या बाबुलालला कण्हण्या-गाण्याखेरीज काही ऐकू आलेलं नाही. जाळलं म्हणावं, तर धूर नाही.

मांडववाला भोजराज शिडीच्या पायथ्याशी आपल्या माणसांवर खेकसत होता. तीन दिवस राबून तो कावला होता. दामिनीबाईंना बघताच त्यानं आपलं गाऱ्हाणं पुढे केलं.

"मॅडम, तुमी बाकड्यासाठी आल्या, पण माह्या कापडाचं कोणी विचारत नाई. मंगळवारी थानच्या थान गायब! सर्वात मोठं. आन् शिडी हलवून परत ठेवली, तेही उलटी."

"शिडी कुठे ठेवली होती तुम्ही?"

"टपरीपाशी. मंग त्या बाळंतिणीच्या गडबडीत आमाले हाकललं तिकडून. जेवून आलो त शिडी उलटी."

"कापड कुठे लावायचं होतं?"

"तिकीटघर आन् फलाट. तेवढंच सांगतलं होतं मास्तरनं."

दामिनीबाई थबकल्या. "आणि बायकांच्या खोलीत?"

"बायकायच्या खोलीत?" भोजराजनं कपाळाला हात लावला. "मॅडम, तथी त मी पायबी नाई ठेवला."

फलाटावरच्या पाटीवर कबुतरं अजून तशीच बसली होती. सकाळपासून तिथंच. दामिनीबाई त्यांच्याकडे पाहत राहिल्या. अशी उघड्यावर, गारठ्यात, कबुतरं कशाला बसतील? त्यांचं घर कुठे होतं, आणि तिथून त्यांना कोणी हुसकलं?

त्या जवळजवळ धावतच प्रतीक्षालयात आल्या. उंच, जुनं कौलारू छत. त्याखाली सागाच्या जाड तुळया असणार. पण आता फक्त गुलाबी-पांढरं कापड दिसत होतं, भिंतीतल्या खुंट्यांना चारी बाजूंनी बांधलेलं. त्यांनी एक गाठ बोटांनी चाचपली. मांडववाल्याची गाठ एका ओढीत सुटते. ही तशी नव्हती. धानाचा भारा बांधताना पिळा देऊन टोक आत खोचतात, तशी होती. ओढलं की अजून आवळणारी.

दामिनीबाईंनी कापडाला हात लावला नाही. त्या दार लावून बाहेर आल्या, आणि दुपारच्या गाडीची वाट पाहत कठड्याला टेकून उभ्या राहिल्या.

६

दुपारची पासिंजर आली. टोपल्या उतरल्या, बाया उतरल्या. सगळ्यांच्या पुढे चंद्रभागाबाई. साठीची, काळीसावळी, ताठ. तलावात कंबरभर पाण्यात उभं राहून शिंगाडे काढण्यात जन्म गेलेला. वर्दी बघून बाकीच्या मागे रेंगाळल्या. ती सरळ पुढे आली.

"मावशी," दामिनीबाई म्हणाल्या, "बाळंतीण कशी हाये?"

चंद्रभागाबाईनं त्यांच्याकडे एकवार नीट पाहिलं. "बरी हाये."

"खोलीत चला सगळ्या. मास्तर, तुम्ही पण या. खुशाल काका, आज तुम्ही पण आत या. बाबुलाल, भोजराज, दारात उभे राहा."

सगळे जमल्यावर दामिनीबाईंनी सावकाश सुरुवात केली.

"बाकडं दारातून गेलं नाही, कारण समोर कठडा आहे. खिडकीतून गेलं नाही, कारण जाळीसुद्धा फाटलेली नाही. खोलून नेलं नाही, कारण ठोकल्याचा आवाज कोणी ऐकला नाही. मग उरतं काय? बाकडं गेलंच नाही. मंगळवारी बाई अडल्याचं सांगून दार लावलं. गरम पाणी मागितलं, म्हणजे बाबुलालला खरं वाटावं. भोजराजची हलकी बांबूची शिडी कठड्यावरून तिरपी उचलून आत घेतली. दोघी चपळ पोरी वर तुळयांवर चढल्या, दोर खाली सोडले. बाकीच्या जणींनी ओढलं, आणि ओढताना दम एक राहावा म्हणून रोवण्याची गाणी म्हटली. ज्या कण्हत होत्या त्या खऱ्याच कण्हत होत्या. सागवान काय हलकं असतं? वरची कबुतरं उडाली ती अजून बाहेर बसली आहेत. त्यांची घाण खाली पडली, म्हणून फरशी धुवावी लागली. आणि जे वर टांगलं ते दिसू नये म्हणून भोजराजचं कापड लावलं."

सगळ्यांच्या माना एकाच वेळी वर गेल्या. आता लक्ष देऊन पाहिल्यावर कापडाला मधोमध हलकासा फुगवटा दिसत होता.

"बाप्पा!" भोजराज दारातून म्हणाला. "माहं थान!"

योगेंद्र कापडाकडे बघतच म्हणाले, "पण का? अहो, का?"

चंद्रभागाबाईनं पदर खोचला. "मास्तर, तुमी त्या नव्या खुर्च्या पाहिल्या काय? लोखंडाच्या, मधात मधात हात असलेल्या. त्याच्यावर बसता येते, आडवं होता येत नाई. पहाटे पाण्यात उतरलेली बाई गाडी लेट झाली त पाठ कोठी टेकणार? माही सून भरल्या दिवसाची असताना ह्याच बाकड्यावर निजून राहे. लेकरांची झोळी ह्याच्याच हाताले बांधतो आमी. आन् तुमी ते नेऊन राहिले. कायले? तथी दोरी बांधतील, आन् बसू नका म्हून पाटी लावतील."

"पण मी सांगितलं होतं ना, वरून हुकूम आहे म्हणून!"

"तेच त. मास्तरले सांगतलं, त म्हणे वरून हुकूम हाये. मोठे साहेब आले, त्यायलेबी सांगतलं, तेबी म्हणे वरूनच हाये. मंग आमीबी बाकडं वरच ठेवलं."

बाबुलालला हसू आवरेना. पण खुशाल काका हसले नाहीत. ते बायांकडे पाहत होते.

"मले काहून नाई सांगतलं वो? मास्तरनं सांगतलं, ह्याच्यापायी मले नेणार होते. उद्या संध्याकाळी."

चंद्रभागाबाईचा ताठा तिथं ढासळला. हे तिला माहीत नव्हतं. ती पुढे झाली आणि काकांच्या पायाशीच बसली. "भाऊ, माह्या लेकराची आण, हे आमच्या डोक्यातच नाई आलं. शनिवारी खाली घेणार होतो, पाहुणे गेल्यावर. तुमाले सांगतलं नाई, कारण तुमाले खोटं बोलताच येत नाई. कोणी विचारलं असतं त तुमी पहिल्यांदा वरच पाहिलं असतं."

काका वर कापडाकडे बघत म्हणाले, "गाठी मजबूत हायेत ना? माही माय बसत होती त्याच्यावर."

"मॅडम," योगेंद्रनी दबक्या आवाजात विचारलं, "आता गुन्हा नोंदवायचा?"

"कसला?" दामिनीबाई म्हणाल्या. "महिला प्रतीक्षालयातलं बाकडं महिला प्रतीक्षालयातच आहे. हातभर वर आहे एवढंच."

"हातभर नाही, चांगलं..."

"मास्तर."



मग प्रश्न आला तो खाली घेण्याचा. ओढून वर नेणं सोपं, धरून खाली सोडणं कठीण. त्या दिवशीच्या दोघीतिघी जणी शेजारच्या गावच्या बाजारातच राहिल्या होत्या. हात कमी पडत होते. पुरुष पुढे झाले, तशी चंद्रभागाबाईनं त्यांना थांबवलं. "तुमाले गाणं येत नाई. एक हात पुढं, एक मागं झाला, त बाकडं डोक्यावर येईल."

दामिनीबाईंनी टोपी काढून खिडकीत ठेवली, पट्टा सोडला, आणि दोराचं टोक हाताला गुंडाळलं. कोणी तरी पहिली ओळ उचलली. दुसरी ओळ आसगावातही हीच होती. कित्येक वर्षांनी त्यांच्या तोंडून ती आपोआप निघाली, आणि दोर हळूहळू, एका दमात, खाली सुटू लागला.

संध्याकाळी वरिष्ठांचा फोन आला.

"सापडलं, सर. खोलीतच होतं."

"खोलीत? मग सकाळी दिसलं कसं नाही?"

"समारंभाच्या कापडामागं होतं, सर," दामिनीबाई म्हणाल्या. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

७

गुरुवारी ठरल्याप्रमाणे संग्रहालयाचा टेम्पो आला. केवळराम लांजेवार नावाचे शांत, चष्मेवाले गृहस्थ, सोबत गॅस कटर आणि चार हमाल. कठडा कापायची परवानगी त्यांच्या खिशात होती.

पण आत बाया बसल्या होत्या, आणि दारावर पाटी होती, पुरुषांना प्रवेश नाही.

"सकाळची गाडी गेली की रिकामं होईल," केवळराम म्हणाले, आणि बाबुलालकडे चहा घेतला.

सकाळची गाडी गेली. जाणाऱ्या गेल्या, येणाऱ्या आत शिरल्या. एकीचं लेकरू बाकड्यावर निजलं. ते उठलं तोवर एक म्हातारी आडवी झाली. म्हातारीला उठवायला तिची लेक आली आणि तीच शेजारी टेकली. दुपारची गाडी उशिरा होती. केवळरामांनी भजी खाल्ली, मग तलाव पाहिला, मग पुन्हा भजी खाल्ली.

शेवटी ते दामिनीबाईंकडे आले. "ताई, तुम्ही जरा खोली रिकामी करून द्याल?"

"मला चोरी शोधायला पाठवलं होतं," दामिनीबाई म्हणाल्या. "चोरी झालीच नव्हती, ते कळवलं. प्रवाशांना उठवायचा हुकूम माझ्याकडे नाही."

योगेंद्र तेवढ्यात पुढे झाले. हे वाक्य ते सकाळपासून मनात जुळवत असावेत. "पार्सलच्या खोलीत कंपनीच्या काळातला वजनकाटा आहे. ओतीव लोखंडाचा, तीच अक्षरं कोरलेली. कोणी वापरत नाही. विभागीय कार्यालयाशी मी सकाळीच बोललो. बाकड्याऐवजी तो चालत असेल तर त्यांची हरकत नाही. नव्या खुर्च्या आम्ही फलाटावर मांडू."

केवळरामांनी काटा जाऊन पाहिला. धूळ फुंकली, अक्षरांवरून बोट फिरवलं. चेहऱ्यावरून तरी त्यांना तो आवडला होता. पण परत येताना ते पुन्हा प्रतीक्षालयापाशी थबकले, उंबऱ्याबाहेरच.

"ताई, एक विचारू? हे कधी रिकामं असतं तरी का?"

उत्तर खुशाल काकांनी दिलं. "मी त कधी पाहिलं नाई, साहेब."

केवळरामांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "मग हे आमच्या उपयोगाचं नाही," ते म्हणाले. "आम्ही नेतो त्या वस्तूंचं काम संपलेलं असावं लागतं."

हमालांनी काटा टेम्पोत चढवला. कठडा न कापता राहिला, आणि गॅस कटर तसाच परत गेला. दुपारची गाडी चांगलीच उशिरा, उन्हं तलावापलीकडे कलल्यावर आली. दामिनीबाईंना त्याच गाडीनं जायचं होतं, पण बाकड्यावर बसल्या बसल्या त्यांची मान खिडकीच्या गजाला टेकली होती आणि डोळे मिटले होते. चंद्रभागाबाईनं आपलं टोपलं उचलून जमिनीवर ठेवलं, त्यांना पाय पसरता यावेत म्हणून बाकड्याचं एक टोक मोकळं केलं, आणि शेजारणीला कोपर मारून हळूच सांगितलं, "तिले उठवू नको वो. गाडीले मास्तर थांबवते म्हणा थोडी."

आणि मास्तरांनी खरंच थांबवली.